१८.५ पाउंडाची स्प्रिंग आणि बुटांवर पडणाऱ्या पुंगळ्या

डॅलसजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र, थोडं कापून (स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, गोळी सुटली की मागे जाणारा भाग, रिकॉइल स्प्रिंग तिला परत पुढे आणते, आणि पुंगळी म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं रिकामं कवच):

"काका, नमस्कार. मागच्या वर्षी सेकंडहँड १९११ पिस्तूल घेतलं, गव्हर्नमेंट साइझ, ५ इंची बॅरल, .४५ एसीपी. क्लबमधला एकजण म्हणाला १८.५ पाउंडाची रिकॉइल स्प्रिंग टाक, धक्का कमी बसेल आणि फ्रेमही टिकेल. टाकली. आता शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबतच नाही, पुंगळ्या माझ्याच बुटांवर पडतात आणि मधूनच एखादी बाहेर पडायच्या दारात अडकते. गोळ्या २०० ग्रेनच्या, घरी भरलेल्या, क्रोनोग्राफवर सेकंदाला ७८० फूट येतात. दुसरं आहे ग्लॉक १७, तिसऱ्या जनरेशनचं. त्यात स्टीलचा रॉड आणि १३ पाउंडाची स्प्रिंग टाकली कारण मॅचवाले सगळे तेच वापरतात, तर ते अधूनमधून पूर्ण बंदच होत नाही, मागून अंगठ्याने ढकलावं लागतं. कुठली स्प्रिंग कशाबरोबर लावायची? १९११ ला रबरी बफर लावू का? आणि नाशिकच्या मामेभावाकडे लायसन्सचं .३२ पिस्तूल आहे, डिसेंबरात येताना त्याच्यासाठी एक स्प्रिंग आणू का?"

अरे बाबा, आधी एक काम कर, ते अंगठ्याने ढकलणं आजपासून बंद. स्लाइड अर्धवट राहिली म्हणजे काहीतरी आड येतंय, ते काय आहे हे न बघता जोर लावायचा नाही, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, मॅगझिन काढ, स्लाइड ओढून काडतूस बाहेर काढ आणि नीट बघ. बाकी सगळं निवांत बोलू.

तुझ्या दोन पिस्तुलांचं दुखणं एकमेकांच्या बरोब्बर उलट आहे, एकाला स्प्रिंग जड झाली, दुसऱ्याला हलकी. पण दोन्हीकडे झालंय तेच, शेजाऱ्याच्या पिस्तुलात काय बसलंय ते बघून स्प्रिंग आली, आपल्या मॅगझिनमधे कुठली गोळी आहे ते कोणी विचारलंच नाही. स्प्रिंग ठरवते ती गोळी. पिस्तुलाचं नाव त्यानंतर येतं.

आता त्या १८.५ चा अर्थ काय ते बघ. स्लाइड पूर्ण मागे गेली की त्या जागी दाबलेली स्प्रिंग जेवढा जोर लावते तो तो आकडा, म्हणजे १६ पाउंडाची स्प्रिंग सुरुवातीपासून १६ पाउंडाने ढकलत नसते, स्लाइड बंद असताना जोर त्याच्यापेक्षा बराच कमी असतो आणि मागे जाता जाता वाढत जातो. गव्हर्नमेंट साइझच्या .४५ ला कंपनीचा आकडा १६. तेच कमांडर म्हणजे सव्वाचार इंची घेतलंस तर १८, आणि साडेतीन इंची ऑफिसर्सवाल्यात बावीस-चोवीसपर्यंत जातं, कारण स्लाइड हलकी झाली आणि तिला मागे जायला जागाही कमी मिळाली, तेवढ्यातच तिला आवरायचंय. ५ इंची १९११ जर ९ एमएमचं असेल तर उलटं, बारा-चौदावर भागतं. त्यामुळे "१९११ ला किती पाउंडाची लावू" हा प्रश्नच अर्धा आहे, आणि क्लबमधल्या त्या भल्या माणसाने अर्ध्या प्रश्नाला पूर्ण उत्तर दिलं.

आणि धक्का कमी होईल हे जे तो म्हणाला ना, ते इतक्या लोकांच्या तोंडी आहे की खरं वाटायला लागतं. धक्का किती हे गोळीचं वजन, तिचा वेग आणि जळणारी दारू यांनी ठरलेलं असतं, स्प्रिंग त्यातला एक कणही खात नाही, ती फक्त तो हातात कधी आणि कसा पोचवायचा ते वाटून देते. जड स्प्रिंग लावली की स्लाइड मागे आपटते ती हळू, हे खरं, पण तीच दाबलेली ताकद परत पुढे येताना स्लाइडला जोरात फेकते आणि नळी खाली डोकावते. हे डोळ्यांनी दिसतं. पुढच्या रेंजला टार्गेटकडे बघू नकोस, फ्रंट साइटकडे बघ, गोळी सुटल्यावर ती वर जाऊन परत येते ती जिथून निघाली तिथेच येऊन बसते की तिच्या खाली जाऊन मग तुला हाताने वर उचलावी लागते. खाली जात असेल तर स्प्रिंग जड. वर तरंगत राहून आळशासारखी उतरत असेल तर हलकी. मॅचवाले लोक एवढ्या स्प्रिंगा कशाला बदलत बसतात तर ह्याच्यासाठी, धक्का कमी करायला नाही, साइट आपोआप जागेवर यावी म्हणून.

तुझ्या .४५ चं गणित आता सरळ आहे. २०० ग्रेन गुणिले ७८०, भागिले हजार, १५६ पॉवर फॅक्टर, म्हणजे गोळीचा जोर मोजायचा मॅचवाल्यांचा आकडा. नेहमीची मिलिटरी छापाची २३० ग्रेनची गोळी ८३० फुटाने गेली तर होतात १९१ च्या आसपास. १६ पाउंडाची स्प्रिंग ह्या दुसऱ्या गोळीसाठी आहे. तू गोळी हलकी केलीस आणि स्प्रिंग जड, दोन्हीकडून एकाच दिशेला ओढलंस, मग स्लाइड बिचारी पूर्ण मागे पोचणार कशी, ती अर्ध्यातून परततेय. म्हणून स्लाइड स्टॉपला खाच सापडत नाही, पुंगळीला इजेक्टरचा फटका नीट बसत नाही आणि ती दारातच उभी राहते किंवा जीव नसल्यासारखी बुटावर पडते.

जाता जाता, १५६ म्हणजे यूएसपीएसए ह्या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या सिंगल स्टॅक गटात तू मेजर, म्हणजे जोरदार गोळीवाला, धरला जाणार नाहीस, त्याला १६५ लागतात, मायनरमधे मोजतील, म्हणजे टार्गेटच्या सी झोनमधे लागलेल्या गोळीला ४ ऐवजी ३ आणि डी ला २ ऐवजी १. तू मेजर समजून नाव देत असशील तर मॅचच्या क्रोनो स्टेशनवर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. तीच २०० ग्रेनची गोळी ८५० ला नेलीस तर १७० होतात, पण ते रीलोडिंग मॅन्युअल उघडून, कमाल मर्यादेच्या आत राहून, पायरी पायरीने. मॅन्युअल बाजूला ठेवून अंदाजाने दारू वाढवणाऱ्यांना मी सल्ला देत नाही.

तर मागवायच्या दोन स्प्रिंगा, १६ ची आणि १४ ची. आधी १६ ची लाव आणि मॅगझिनमधे एकच काडतूस भर. मार. स्लाइड मागे थांबली का? परत एकच. असं दहाबारा वेळा दोन्ही हातांनी, मग फक्त उजव्या, मग फक्त डाव्या हाताने, कारण पकड ढिली झाली की स्लाइडला मागे जायला आधार कमी मिळतो आणि काठावर चाललेली स्प्रिंग तिथे उघडी पडते. सगळीकडे थांबली तर १६ वरच राहा. डाव्या हाताने मधेच चुकली तर १४. माझा अंदाज विचारशील तर ह्या ७८० वाल्या गोळीला १४ च लागणार, आणि फॅक्टरीची २३० ग्रेनची पेटी उघडलीस की त्या दिवशी १६ परत आत. दोन्ही स्प्रिंगांच्या पाकिटावर मार्करने मोठा आकडा लिही, बाहेर काढल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात.

पुंगळ्या कुठे पडतात ते बघण्यासारखं दुसरं मोजमाप नाही. उजवीकडे थोडं मागे, चार ते आठ फुटांत एका ठिकाणी ढीग होत असेल तर उत्तम. पंधरा फुटांवर शेजारच्या लेनवाल्याच्या डोक्यावर जात असतील आणि उचलून बघितल्यावर तोंडाकडे चेपलेल्या असतील तर स्लाइड फार वेगाने मागे जातेय, स्प्रिंग हलकी पडली किंवा म्हातारी झाली. ही हलक्याची बाजू विसरू नकोस, बारा-तेराची स्प्रिंग लावून फॅक्टरीच्या दणदणीत गोळ्या महिनोन्महिने मारल्या की स्लाइड फ्रेमवर आपटत राहते आणि धातूला धातूचे व्रण उठतात, ते परत बसवता येत नाहीत. (एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारा हूक, ढिला असेल तरी पुंगळ्या वाट्टेल तिकडे जातात, सेकंडहँड १९११ आहे, तो एकदा तपासून घे.)

आता "कशाबरोबर" हा तुझा खरा प्रश्न, आणि तो विचारलास ह्याचं मला कौतुक वाटलं, कारण बहुतेक लोक रिकॉइल स्प्रिंग एकटीच काम करते असं समजून चालतात. १९११ मधे स्लाइडला मागे जाताना हॅमर, म्हणजे फायरिंग पिनवर आपटणारा घोडा, मागे पाडावा लागतो, आणि हॅमरच्या मागे मेनस्प्रिंग असते, मूळ २३ पाउंडाची. म्हणजे अगदी सुरुवातीला, रिकॉइल स्प्रिंग अजून ढिली असते तेव्हा, खरा अडथळा मेनस्प्रिंगच करते. ट्रिगर मऊ व्हावा म्हणून लोक तिथे १९ ची टाकतात, तुझ्या आधीच्या मालकानेही टाकली असू शकते, आणि तसं असेल तर स्लाइड लवकर सुटते, जोरात मागे येते आणि मग कोणीतरी म्हणतं रिकॉइल स्प्रिंग वाढव. एका स्प्रिंगची उणीव दुसरीने भरायची ही साखळी तिथून सुरू होते. फायरिंग पिन स्टॉप, म्हणजे स्लाइडच्या मागे पिन धरून ठेवणारी पट्टी, तिचा खालचा काठही ह्यातच येतो, १९११ चा जनक ब्राउनिंग, त्याच्या मूळ डिझाइनला तो जवळजवळ चौकोनी होता, नंतर हाताने स्लाइड ओढायला सोपं जावं म्हणून गोल केला, आणि गोल काठ म्हणजे हॅमर पाडायला स्लाइडला कमी कष्ट. १४-१६ ची रिकॉइल स्प्रिंग, २३ ची मेनस्प्रिंग आणि चौकोनी काठाचा स्टॉप ही जोडी मला स्वतःला फार आवडते, नळी कमी उडते आणि परत येताना डोकावतही नाही, पण तुझ्या हलक्या गोळीला तो स्टॉप सध्या नको, आधीच ताकद पुरत नाहीये. आत्ता फक्त गनस्मिथकडून मेनस्प्रिंग किती पाउंडाची आहे ते बघून घे.

स्प्रिंगच्या पाकिटात अजून एक चिमुकली स्प्रिंग निघाली तर ती फेकू नकोस. वुल्फ कंपनी १९११ च्या रिकॉइल स्प्रिंगबरोबर फायरिंग पिनची स्प्रिंग देते आणि ती उगाच देत नाही. जुन्या धाटणीच्या, सीरिज ७० पद्धतीच्या १९११ ला फायरिंग पिनला अडवणारा वेगळा ब्लॉक नसतो, स्लाइड जोरात येऊन आपटली की पिन स्वतःच्या वजनाने पुढे सरकू बघते आणि तिला मागे धरून ठेवणारी हीच एक. दोन्ही एकदम बदलायच्या.

आणि बसवताना चष्मा घाल. नळीच्या तोंडाशी असलेलं बॅरल बुशिंग फिरवलं की खालचा प्लग दाबलेल्या स्प्रिंगवर बसलेला असतो, तळहाताने दाबून धरला नाहीस तर थेट छताला. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा लांब दिसेल, घाबरून कापू नकोस. कापली की सुरुवातीचा ताण कमी होतो पण राहिलेले वेढे प्रत्येक इंचाला आधीपेक्षा कडक होतात, तुला हवं होतं त्याच्या भलतंच काहीतरी हातात येतं. एका टोकाचे वेढे घट्ट असतात, ते गाइड रॉडवर चढवायचं म्हणजे जागा सोडत नाही.

बफर नको. निदान आत्ता तर नकोच. तो रबराचा तुकडा दशांश इंचाच्या आसपास जाड असतो आणि तेवढी स्लाइडची मागची वाट खातो, तुझी स्लाइड आधीच तिथपर्यंत पोचत नाहीये, त्यात अजून भिंत पुढे सरकवायची? शिवाय तो फाटला की त्याचे तुकडे आत फिरतात. बफर लावून मॅगझिन रिकामं असताना स्लाइड हाताने ओढून स्टॉपवरून सोडता येते का तेही बघावं लागतं, बऱ्याच पिस्तुलांत तेवढी जागाच उरत नाही.

ग्लॉककडे येऊ. इथे हॅमर नाही, स्ट्रायकर आहे, म्हणजे स्लाइडच्या आतूनच काडतुसावर आपटणारी पिन, आणि खरी मेख तिथेच आहे. स्लाइड बंद व्हायच्या शेवटच्या टप्प्यात स्ट्रायकरचा पाय ट्रिगर बारला अडकतो, म्हणजे तिथून पुढे स्लाइडला बंद व्हायचं तर स्ट्रायकरची स्प्रिंग दाबतच पुढे जावं लागतं. दोन स्प्रिंगा समोरासमोर कुस्ती खेळताहेत, रिकॉइल स्प्रिंग स्लाइड पुढे ढकलतेय, स्ट्रायकरची मागे. कंपनीने १७ विरुद्ध ५.५ अशी जोडी लावली होती आणि त्यात १७ वाला आरामात जिंकतो. तू १७ च्या जागी १३ चा पैलवान उतरवलास आणि समोरचा तसाच ठेवलास. पिस्तूल स्वच्छ आणि तेल दिलेलं असेपर्यंत तोही जिंकतो, काजळी साठली की काठावर हरतो. म्हणून तुझं अधूनमधून होतंय, रोज नाही.

खात्री करायची रीत सोपी आहे. पिस्तूल रिकामं कर, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने बघ, बोट घालून बघ, गोळ्या दुसऱ्या खोलीत. नळी सुरक्षित दिशेला, वर छताकडे. ट्रिगर दाबून तसाच धरून ठेव, स्लाइड पूर्ण मागे ओढ आणि हातानेच अगदी सावकाश पुढे सोडत आण. शेवटपर्यंत आपोआप जाऊन बंद झाली तर ठीक, पाव इंच आधी लटकली तर ही जोडी जमत नाही. ट्रिगर धरायचा कारण तेव्हा स्ट्रायकरचा ताण पूर्ण येतो, सोडून केलीस तर परीक्षा सोपी होते आणि नापास पिस्तूल पास होतं.

लटकली तर दोन रस्ते. रिकॉइल १५ कर आणि स्ट्रायकरला हात लावू नकोस, हा माझा सल्ला, कटकट नाही. दुसरा म्हणजे १३ ठेव आणि स्ट्रायकरची साडेचार पाउंडाची टाक, मॅचवाले हेच करतात, फक्त ते तुला सांगायचं राहून गेलं असणार, पण मग प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, फटका हलका पडतो आणि कडक प्रायमर एखादा फुटतच नाही. सीसीआयचे कडक म्हणून प्रसिद्ध आहेत, फेडरलचे मऊ, म्हणून ते लोक फेडरलचे प्रायमर शोधत फिरत असतात. तू कुठला वापरतोस ते लिहिलं नाहीस. आणि हेच ग्लॉक रात्री उशाशीही असेल तर दुसरा रस्ता विसर, सगळी कंपनीची जोडी परत लाव आणि मॅचसाठी वेगळं पिस्तूल घे, बायकोला काय सांगायचं ते तू बघ.

चौथ्या जनरेशनपासून ग्लॉकने एकात एक बसवलेली दुहेरी स्प्रिंग दिली, २६ आणि २७ सारख्या छोट्यांना ती आधीपासूनच होती. ती खोलून त्यातलं एक काढायचं, दुसरं बदलायचं हे धंदे करायचे नसतात, अख्खी असेंब्लीच बदलतात. २०११ मधे तर कंपनीने स्वतःच चौथ्या जनरेशनच्या बऱ्याच पिस्तुलांच्या स्प्रिंग असेंब्ली बदलून दिल्या होत्या, म्हणजे ह्या प्रकरणात बनवणाऱ्यांनाही दुसऱ्यांदा हात घालावा लागतो. तुझं तिसऱ्या जनरेशनचं आहे, तुला ह्याचं काही नाही, पण इंटरनेटवर मागवताना जनरेशन वाचून घे, रॉड आपसांत बसत नाहीत.

बदलायची कधी? .४५ च्या १९११ ला दोन-तीन हजार गोळ्यांना, ग्लॉकच्या एकेरीला तीन ते पाच हजारांना, छोट्या पिस्तुलांना त्याच्या आधी. स्प्रिंगची किंमत गोळ्यांच्या एका पेटीएवढीही नसते, ह्यात काटकसर कोण करतं मला कळत नाही, पण करतात. आणि बदलताना एका वेळी एकच गोष्ट. रिकॉइल स्प्रिंग, रॉड, स्ट्रायकर आणि नवी गोळी असं सगळं शनिवारी एकदम घालून रविवारी मॅचला गेलं की काय बिघडलं हे ब्रह्मदेवाला पण सांगता येत नाही.

राहिला नाशिकचा मामेभाऊ. आणू नकोस. स्प्रिंग तीन इंचाची दिसत असली तरी ती बंदुकीचा भाग आहे, तिकडून बाहेर न्यायला अमेरिकेचे निर्यातीचे नियम आहेत आणि इकडे १९५९ चा आर्म्स ॲक्ट शस्त्राच्या सुट्या भागांनाही शस्त्रातच धरतो, बॅगेत सापडली तर मुंबई एअरपोर्टवर लग्नाला आलोय म्हणून सांगून सुटका होणार नाही. शिवाय .३२ ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक असतात, तुझ्या .४५ सारखी नळी आणि स्लाइड त्यात एकमेकांत अडकलेली नसतात, गोळी बाहेर पडून दाब उतरेपर्यंत दार बंद ठेवायचं काम स्लाइडचं वजन आणि ती स्प्रिंग दोघंच करतात. तिथे "जरा हलकी लावून बघू" हा प्रकार चालतच नाही, कंपनीने दिली तेवढीच. त्याचं पिस्तूल ओढायला ढिलं लागतंय की नुसतीच हौस आहे हे आधी विचार, आणि खरंच ढिलं असेल तर लायसन्स घेऊन त्याच्याच गावच्या परवानाधारक आर्म्स डीलरकडे पाठव, मूळ कंपनीचा सुटा भाग तोच रीतसर मागवून देईल.